पाळणे

काही वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्यात, घोड नदीपासून फार दूर नसलेल्या एका वस्तीवर मी मुक्कामाला होतो. घर शेतातच होते. पुढे ओटा, बाजूला गोठा, आणि ओट्यापासून पंधरा-वीस पावलांवर उसाचा फड उभा. दिवेलागणीच्या सुमारास यजमान मला म्हणाले, "फादर, आता ओट्याखाली उतरू नका. काही लागलं तर आवाज द्या." त्यांच्या आवाजात भीती नव्हती. पावसाळ्यात छत्री घेऊन निघा असे सांगावे, तसे त्यांनी ते सांगितले.

ओट्यासमोर कडुलिंबाच्या झाडाला एक गावठी कुत्रा साखळीने बांधलेला होता. तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. मी सहज विचारले, "राखण चांगली करतो का?"

"करतो की. बिबट्या आला की आम्हाला कळतं."

"भुंकतो म्हणून?"

यजमान थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भुंकतो, अन् मग भुंकायचा थांबतो. थांबला की समजायचं. याच्या आधीचे दोघे असेच गेले."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. बाहेर तो कुत्रा अधूनमधून भुंकत होता आणि प्रत्येक वेळी तो थांबला की मी कान टवकारत होतो. पहाटे तो जिवंत होता. मला पाहून त्याने शेपटी हलवली. मी मात्र त्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही. ज्याला आपण राखणदार म्हणतो, त्याला खरोखर राखणीला ठेवले आहे की घासाला? आणि एखादा जीव आपण 'पाळला' असे म्हणतो, तेव्हा नेमके काय केलेले असते? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

एका क्रियापदाचे दोन अर्थ

आपली मराठी भाषा या बाबतीत फार बोलकी आहे. आपण कुत्रा पाळतो, गाय पाळतो, कोंबड्या पाळतो. त्याच क्रियापदाने आपण शब्द पाळतो, पथ्य पाळतो, उपवास पाळतो, आज्ञा पाळतो. ख्रिस्ती माणसाच्या कानाला सवयीचा असलेला 'मेंढपाळ' हा शब्द याच कुळातला, आणि आपले प्रॉटेस्टंट बांधव तर आपल्या धर्मगुरूला 'पाळक'च म्हणतात. जनावराला खाऊ घालणे आणि दिलेल्या वचनाला जागणे, या दोन्ही गोष्टींना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द वापरला. हा योगायोग असेलही. परंतु विचार करणाऱ्याला त्यातून एक वाट सापडते. जो प्राणी पाळतो, तो न बोलता एक वचन देऊन बसतो, आणि पुढचे सारे आयुष्य ते वचन पाळण्यात किंवा मोडण्यात जाते.

हे वचन काही केवळ भावनेचे नाही. कुत्रा दारात आला की घराची घडी बदलते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमच्या धर्मगुरूनिवासाच्या पायरीवर एक भिजलेले पिल्लू येऊन बसले आणि गेले नाही. मुलांनी त्याचे नाव मोत्या ठेवले. तोवर मी स्वतःच्या वेळेचा मालक होतो. सेमिनरीत शिकलेली शिस्त होती, पण त्या शिस्तीत 'आज जरा उशिरा' म्हणण्याची सोय मी वयपरत्वे करून घेतली होती. मोत्याला 'जरा उशिरा' हे शब्द कळत नसत. पहाटे साडेपाचला तो दार खरवडू लागे. मी कुरकुरत उठे, आणि आम्ही दोघे रस्त्यावर.

त्या फेऱ्यांनी मला एक गोष्ट शिकवली. माझ्या धर्मग्रामात कोण किती वाजता उठते, हे मला दहा वर्षांत कळले नव्हते ते दोन महिन्यांत कळले. पहाटे कोणत्या घरात दिवा असतो, कोणती बाई पहिल्या गाडीने कामाला जाते, कोणता म्हातारा रात्रभर खोकत बसलेला असतो, हे मिस्सेच्या वेळी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत नजर टाकून समजत नाही. जी माणसे फादरशी बोलायला बिचकत, ती कुत्र्याशी बोलू लागली, आणि कुत्र्याशी बोलता बोलता माझ्याशी. ज्या दोन शेजाऱ्यांमध्ये बांधावरून वर्षानुवर्षे अबोला होता, त्यांतला एक जण मोत्याच्या पायातला काटा काढायला दुसऱ्याच्या ओट्यावर बसला. त्यांचा वाद त्याने मिटला असे म्हणणार नाही. पण ते दोघे एका ओट्यावर बसले, हे खरे.

आणि मी कमीही पडलो. एकदा आठ दिवसांच्या ध्यानसाधनेसाठी मला बाहेरगावी जायचे होते. मोत्याची व्यवस्था मी घाईघाईने एकाला सांगितली, त्याने दुसऱ्याला सांगितली, आणि तिसऱ्याला कोणी सांगितलेच नाही. परत आलो तेव्हा तो साखळीला होता. पाण्याचे भांडे कोरडे, गळ्याभोवतीची कातडी सोललेली. कोणी शेजारणीने दया येऊन दोनदा भाकरी टाकली होती, म्हणून तो वाचला. आठ दिवस मी देवाच्या सान्निध्यात मौन पाळून आलो होतो, आणि जे पाळायचे होते ते मात्र पाळले नव्हते. त्याने माझ्यावर राग धरला नाही. तेच मला सर्वांत जड गेले.

ऊस, बिबट्या आणि कुत्रा

परंतु मोत्याची गोष्ट ही गावातली, दिव्याखालची गोष्ट आहे. जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांवर हाच प्रश्न जीवनमरणाचा होतो. तो तसा का होतो, हे समजून घेतले पाहिजे.

या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत आहे. नाणेघाट, शिवनेरी, भीमाशंकरचे रान ही त्याची ओळख. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी पूर्वेकडच्या कोरड्या जमिनीला पाणी मिळाले. जिथे बाजरी आणि मटकी होत होती, तिथे ऊस उभा राहिला. कारखाने आले, पक्की घरे आली, मुले शिकली. हे सारे चांगलेच झाले. पण वर्ष-दीड वर्ष शेतात उभे राहणारे, माणसाच्या डोक्यावर जाणारे हे पीक बिबट्याला रानासारखेच वाटले. आत सावली, जवळ पाणी, आणि दिवसभर कोणी त्रास देणारे नाही. मादी उसातच पिल्ले घालू लागली. त्या पिल्लांनी डोंगर पाहिलाच नाही. त्यांचे घर म्हणजे आपला फड.

मग ती खातात काय? शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास करून याचे उत्तर शोधले. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. भक्ष्याच्या वजनाचा हिशेब धरला तर बिबट्यांच्या आहारातला सुमारे ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्याचा, सुमारे ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक, तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच होता.

हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा थबकलो. शेळी बिबट्याला आवडत नाही असे थोडेच आहे? कारण साधे आहे. शेळीला आपण रात्री गोठ्यात घेतो, दार लावतो, कडी घालतो. शेळीचे पैसे होतात. कुत्रा बाहेर राहतो. म्हणजे ज्याला आपण घराचा राखणदार म्हणतो, त्याची राखण मात्र घरात कोणी करीत नाही. हे केवळ बिबट्याच्या आहाराचे कोष्टक नाही. आपण कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, याचाही तो हिशेब आहे.

याला दुसरीही बाजू आहे. गावाबाहेरच्या उकिरड्यावर, आठवडे बाजाराच्या कडेला आपण नको असलेली पिल्ले सोडून येतो. ती वाढतात, त्यांना पिल्ले होतात, आणि त्यांच्या वासाने बिबट्या गावाजवळ येतो. घराबाहेर टाकलेले पिल्लू असे फिरून घराकडे परत येते, आणि बरोबर पाहुणा घेऊन येते. कुत्रा पाळणाऱ्याने त्याला रेबीजची लस टोचावी, त्याची नसबंदी करावी, उकिरडा झाकावा, या गोष्टी सरकारी फलकावरच्या वाटतात. वस्तीवर त्या शेजारधर्माच्या गोष्टी आहेत.

जुन्या कथांतला कुत्रा

आपल्या बोलण्यात कुत्र्याला मान नाही. कुत्र्याचे जिणे, कुत्र्याची मौत, कुत्र्याचे शेपूट अशी सारी संपत्ती आपण त्याच्या नावावर केली आहे. पण आपल्या कथा आपल्या म्हणींपेक्षा उदार आहेत. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज कोणाला ठाऊक नाहीत? जुन्नर तालुक्यातल्याच आळे गावी रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद घातले, त्या मुक्या जनावराचा अंत तेथे झाला आणि ज्ञानेश्वर माउलींनी त्याला समाधी दिली, अशी श्रद्धा आहे. लोक आजही तिथे दर्शनाला जातात. आणि महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात उभा आहे, इंद्राचा रथ समोर आहे, अट एवढीच की कुत्रा मागे सोडावा. जो शेवटपर्यंत आश्रयाने चालला त्याला सोडून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिर नाकारतो. सारे भाऊ आणि पत्नी वाटेत पडल्यावर त्याची कसोटी लागते ती एका कुत्र्यावर, हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे.

आपल्या पवित्र शास्त्रात कुत्रा बहुधा तिरस्काराचा विषय आहे. तो उकिरड्यावरचा, अशुद्ध प्राणी. तरी तीन ठिकाणी तो निराळा दिसतो. तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याच्याबरोबर राफाएल देवदूत असतो, आणि कुत्राही असतो. संपूर्ण कथेत हा कुत्रा काही करीत नाही. तो बरोबर जातो आणि बरोबर परत येतो. लिहिणाऱ्याला तेवढेही सांगावेसे वाटले, याचे मला अप्रूप आहे. दुसरी ती कनानी स्त्री. मुलीसाठी गयावया करणाऱ्या त्या आईने मेजाखालच्या कुत्र्यांचाच दाखला देऊन प्रभूचे मन वळवले. आणि तिसरा दाखला श्रीमंत माणसाचा व लाजराचा. लाजर दाराशी फोडांनी भरलेला पडला आहे. आत मेजवानी चालू आहे. बाहेर येऊन त्याचे फोड चाटणारे कोण, तर कुत्रे. श्रीमंताने लाजराला मारले नाही, हाकलले नाही. त्याने फक्त त्याला दाराबाहेर राहू दिले. दारातले आत आणि बाहेर हेच त्या दाखल्याचे दुःख आहे.

कर्तव्य कोणाचे, कशासाठी?

तत्त्वज्ञांनी या प्रश्नावर बराच काथ्याकूट केला आहे. देकार्तने प्राण्यांना यंत्राच्या पंक्तीत बसवले. वस्तीवरच्या कोणत्याही शेतकऱ्याला हे पटणार नाही, कारण त्याने वेदनेत विव्हळणारा बैल पाहिलेला असतो. संत थॉमस अक्वायनस आणि त्यांच्यानंतर पाच शतकांनी कांट, या दोघांनी साधारण एकच वाट धरली. प्राण्याला विवेक नाही, म्हणून त्याच्याबाबत आपले थेट कर्तव्य नाही, पण जो प्राण्याशी क्रूर वागतो त्याचे मन माणसांविषयीही निबर होते, म्हणून क्रौर्य वाईट. कांटने तर कुत्र्याचेच उदाहरण घेतले आहे. वर्षानुवर्षे इमानाने चाकरी केलेला कुत्रा म्हातारा झाला म्हणून जो त्याला गोळी घालतो, तो स्वतःतल्या माणुसकीला इजा करतो, असे त्याचे म्हणणे. उलट बेंथमने प्रश्नच बदलला. प्राणी विचार करू शकतो का हे विचारू नका, त्याला दुःख होते का हे विचारा, असे तो सांगतो.

सेमिनरीत शिकताना मला कांटचे उत्तर पुरेसे वाटत असे. वस्तीवरच्या त्या रात्रीनंतर ते अपुरे वाटू लागले. कुत्रा बांधणारा तो गृहस्थ क्रूर नव्हता. तो नातवंडांना मांडीवर घेऊन जेवू घालणारा, पाहुण्याला चांगली गोधडी देणारा माणूस होता. त्याचे मन निबर झालेले नव्हते. तरीही काही चुकत होते, आणि ते चुकणे त्याच्या मनात नव्हते, साखळीत होते.

मला वाटते, कर्तव्याचे मूळ कुत्र्याच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा आपल्या कृतीत शोधावे. मोकळा कुत्रा बिबट्याची चाहूल लागली की पळतो, ओट्यावर चढतो, दाराला अंग घासतो. बांधलेला कुत्रा यांतले काहीच करू शकत नाही. त्याचा पळण्याचा मार्ग आपण काढून घेतला आहे. ज्याच्याकडून आपण स्वतःला वाचवण्याची शक्ती काढून घेतो, त्याला वाचवण्याची जबाबदारी त्या क्षणापासून आपली होते. हे जनावराला लागू आहे, मुलाला लागू आहे, नोकराला लागू आहे, कैद्याला लागू आहे. साखळीला दोन टोके असतात. एक कुत्र्याच्या गळ्यात असते. दुसरे आपण झाडाला बांधून मोकळे होतो, पण ते खरे तर आपल्याच हाताला बांधलेले असते.

यावर रास्त आक्षेप येतो. "फादर, तुम्ही रात्रीपुरते येता. माझ्या घरात दोन लहान लेकरे आहेत. कुत्रा गेला तर कुत्रा गेला. लेकरू गेले तर काय?" याला उत्तर देताना डगमगू नये. माणसाचे मूल आणि कुत्रा यांना एका तराजूत घालता येत नाही. आपल्या ख्रिस्तसभेची शिकवणही तीच आहे. धर्मशिकवणीचा कॅथोलिक ग्रंथ सांगतो की प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी दयेने वागणे आपल्यावर बंधनकारक आहे, त्यांना विनाकारण दुःख देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. तोच ग्रंथ लगेच पुढे सांगतो की माणसांच्या दारिद्र्यनिवारणाला जो पैसा लागायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अशोभनीय, आणि जे प्रेम केवळ माणसाला द्यायचे ते प्राण्याला देऊ नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२२ मधील एका प्रबोधनात, मुले नकोत पण कुत्री-मांजरे हवीत अशा वृत्तीवर बोट ठेवले होते. तेव्हा पुष्कळांना राग आला. पण शहरात मी अशी घरे पाहिली आहेत, जिथे कुत्र्याच्या ताटात ताजे मटण असते आणि भांडी घासणाऱ्या बाईला कालची पोळी दिली जाते. तिथे लाजर अजून दाराबाहेरच आहे.

म्हणजे चूक दोन्ही बाजूंना आहे. कोणी कुत्र्याला माणसाच्या जागी बसवतो, तर कोणी कुत्र्याला वस्तूच्या जागी. मूल मोठे आहे यावरून कुत्रा काहीच नाही असे सिद्ध होत नाही. आणि वस्तीवर तर ही निवड बहुतेक वेळा खरी नसतेच. कुत्र्याला रात्री कडी असलेल्या जाळीच्या खोक्यात किंवा गोठ्यात घेतले, तरी त्याचे नाक आणि कान तेवढेच तीक्ष्ण राहतात. तो तिथूनही भुंकतो. आणि दारात सहज मिळणारे भक्ष्य नसले, तर बिबट्याला दाराशी येण्याचे एक कारण कमी होते. म्हणजे कुत्र्याला वाचवल्याने मूलही अधिक सुरक्षित होते. तरी आपण ते करीत नाही, कारण ते केल्यावाचून आजवर भागत आले आहे.

माणसाच्या गळ्यातला पट्टा

या भागातल्या माणसांनी किती सोसले आहे, हे विसरून या प्रश्नावर बोलणे म्हणजे दुसरा गुन्हा होईल. नव्वदच्या दशकात जुन्नर परिसरात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा उपाय सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ या काळात ते वर्षाला सरासरी सतरावर गेले. दूर नेऊन सोडले की प्रश्न सुटला, असे वाटले होते, पण तसे झाले नाही. पुढे माणिकडोह येथे पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभे राहिले. ऊसतोडणीत सापडलेली पिल्ले आईकडे परत पोहोचवण्याचे काम तेथून होते. तरीही दुःख संपले नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात थोड्याच दिवसांत तीन जीव गेले. त्यांत दोन मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, आणि अखेर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली.

त्याच नोव्हेंबरात पिंपरखेडची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. शेतात कामाला निघालेल्या बायका आणि पुरुषांनी गळ्यात टोकदार खिळे बसवलेले पट्टे घातले होते. बिबट्या मान धरतो, म्हणून हा पट्टा. असा पट्टा मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात घालतात, ही जुनी युक्ती आहे. आता तो माणसाच्या गळ्यात आला होता.

त्या छायाचित्राकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. वस्तीवरचा तो तांबूस कुत्रा मला आठवला. फरक इतकाच की माणसाच्या गळ्यातल्या पट्ट्याला साखळी दिसत नव्हती. पण ती नव्हती का? पिकाला पाणी रात्रीच द्यावे लागते, कारण पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीला येते, ही साखळी नव्हे काय? रोजंदारी बुडाली तर चूल पेटत नाही, ही साखळी नव्हे काय? आणि दिवाळीच्या सुमारास परजिल्ह्यांतून येणारी ऊसतोड कामगारांची टोळी पाहा. फडाच्या कडेला पाचटाच्या आणि चटयांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांना दार नसते, कडी नसते. पहाटे तीन-चारला आईबाप कोयता घेऊन फडात जातात आणि मागे कोपीत लहानगी झोपलेली असतात. राखणीला असतो तो एक कुत्रा.

त्यांच्या घामाची साखर तुमच्या आणि माझ्या चहात असते. त्यांना कामाला आपण बांधले आहे, आणि रात्री बाहेर ठेवले आहे. शेळीला कडी लावणारा आणि कुत्र्याला विसरणारा तो शेतकरी आणि साखर मोजणारा, कोपी न पाहणारा आपला समाज यांत मला फारसे अंतर दिसत नाही. जो शब्द मी सुरुवातीला घेतला तो इथे आपल्यावरच उलटतो. ज्यांच्या श्रमावर आपण जगतो त्यांना आपण पाळतो असे म्हणण्याचा उद्धटपणा कोणी करू नये. पण त्यांना दिलेला शब्द आपण पाळतो का, हे विचारता येईल. दाराची कडी लागेल असा निवारा, रात्रीचा उजेड, दिवसाची वीज, मुलांसाठी पाळणाघर, या मागण्या नव्या नाहीत आणि अवाजवी तर मुळीच नाहीत.

यहुदी विचारवंत एमान्युएल लेव्हिनास दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा युद्धकैदी होता. १९७५ साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधात त्याने सांगितले आहे की छावणीच्या पहारेकऱ्यांच्या आणि वाटेवरच्या लोकांच्या नजरेत ते कैदी माणसे उरली नव्हती. तेवढ्यात कुठून तरी एक भटका कुत्रा छावणीत आला. कैद्यांनी त्याला नाव दिले बॉबी. काम करून थकून परतणाऱ्या त्या रांगेकडे तो आनंदाने उड्या मारीत धावत येई. त्याच्या दृष्टीने ती निःसंशय माणसे होती. काही आठवड्यांनी पहारेकऱ्यांनी त्याला हाकलून दिले. माणसाला माणूस म्हणून ओळखण्याचे काम माणसांनी सोडले तेव्हा ते एका कुत्र्याने केले, ही गोष्ट लाजराच्या फोडांची आठवण करून देते. कुत्रा पाळल्याने माणूस बदलतो असे म्हणतात. तो कसा बदलावा, याचे उत्तर मला इथे सापडते. जो दाराशी आहे त्याच्याकडे पाहण्याची सवय लागावी, आणि ती सवय कुत्र्यापाशी थांबू नये.

दोन वर्षांनी मी पुन्हा त्या वस्तीवर गेलो. तांबूस कुत्रा होता. कडुलिंबाची साखळी मात्र दिसली नाही. ओट्याच्या भिंतीला लागून लोखंडी जाळीचे एक खोके होते, त्याला वरून पत्रा आणि पुढे जाड कडी. मी काही विचारण्याआधीच यजमान म्हणाले, "पोराने जुन्या गजांचं करून घेतलं. तुम्ही गेल्यावर नातू रोज विचारायचा, ह्याला बाहेर का ठेवता म्हणून. काय सांगणार त्याला?"

"आता भुंकतो का?" मी विचारले.

"भुंकतो की. रात्रभर भुंकतो." ते हसले. "पण आता थांबला तर झोपला असंल, असं म्हणता येतं."

जेवण झाल्यावर त्यांनी कुत्र्याला आत घेतले आणि कडी लावली. मग गोठ्याची कडी लावली, मग घराची. विजेची पाळी रात्री बाराला होती. त्यांचा मुलगा बॅटरी घेऊन, गळ्याभोवती जाड उपरणे गुंडाळून ओट्यावर बसला होता. त्याला अजून शेतात जायचे होते.